मंगळवारची नोंद

माहितीच्या अर्जात 'का' विचारायचं नसतं. हे मी अधिकारानं सांगते, कारण तालुक्याच्या तहसील कचेरीत, रेकॉर्ड रूममध्ये, माझी एकोणतीस वर्षं गेली. लोक अर्जात रडगाणं लिहायचे. माझ्या बापाचं नाव का कमी झालं, चुलत्याचं का लागलं, मला न्याय द्यावा. मी तो अर्ज खिडकीतून परत सरकवायची आणि म्हणायची, "न्याय वरच्या मजल्यावर मिळतो, बाबा. इथं नक्कल मिळते. कुठलं रजिस्टर, कुठली तारीख, तेवढंच लिही." एक म्हातारा मला तोंडावर म्हणाला होता, "बाई, तुमच्या जिभेला हाड न्हाई." नसेल. पण माझ्या खिडकीत आलेला कागद हरवला, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच मी स्वतः असा अर्ज लिहायला बसले. माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी एका मंगळवारी दुपारी ठाण्यात नेलं होतं, याचा काहीतरी कागद मला हवा होता. एक ओळ पुरली असती. ज्या चोरीत आणि खुनात त्याला धरलंय, ती त्याच मंगळवारी रात्री झाली, आणि त्या अख्ख्या रात्री हा पोलिसांच्याच बाकावर बसून होता. ती एक ओळ असती तर माझा भाऊ सुटला असता.

ओळ नव्हती. कुणी फाडली नाही, कुणी खोडली नाही. मी ती लिहू दिली नव्हती.

झालं असं. भावाची एक पिकअप आहे. गावोगावचा माल भरून तो मार्केट यार्डात आणायचा. त्याची बायको फार वर्षांपूर्वी माहेरी गेली ती परत आली नाही, आणि माझा नवरा मुलगी नऊ वर्षांची असताना वारला. त्यामुळे तो आणि आम्ही दोघी असं तिघांचं मिळून एक घर होतं. माझ्या मुलीला सायकल त्यानं शिकवली, बारावीचा निकाल त्यानं आणला, स्थळ बघायलाही पुढं तोच. डोक्यानं तापट, पण मनात काही ठेवणारा नाही. त्या मंगळवारी यार्डाच्या गेटवर गाडी आधी कुणी आत घालायची यावरून दोघांशी त्याची जुंपली. यानं म्हणे गाडीतली टामी उचलली, चाक खोलायचा लोखंडी दांडा. मारली नाही, नुसती उचलली. पण गेटवर पोलीस उभेच होते. त्यांनी याला आणि त्या दोघांना आपल्या गाडीत घातलं आणि ठाण्यात नेलं, मागोमाग याची पिकअपही ठाण्याच्या आवारात आणून लावली.

मला यार्डातल्या एका हमालानं फोन केला. मी पायात चपला अडकवल्या आणि गेले. ठाण्याच्या टेबलावर जो हवालदार होता, तो ओळखीचा निघाला. त्याच्या शेताच्या वाटणीचे जुने कागद मीच एकदा फडताळाच्या वर चढून काढून दिले होते. तो उठून उभा राहिला. "या मॅडम, बसा." त्याच्यापुढं कच्ची वही उघडी होती. आता सगळं कॉम्प्युटरवर चढवतात, पण आधी त्या वहीत लिहून घेतात. पेनाचं टोपण काढलेलं होतं.

मी म्हणाले, "साहेब, एक विनंती आहे. ही नोंद करू नका."

"मॅडम, ठाण्यात माणूस आणला की डायरीला घ्यावा लागतो."

"घ्यावा लागतो हे मला शिकवू नका. मी रजिस्टरांत म्हातारी झाले. परवा गुरुवारी माझ्या पोरीचा साखरपुडा आहे. पाहुणे नेवाशाकडचे, मोठं घर आहे. पोरीला बाप नाही. मामाच सगळं. तो मामा ठाण्यात, हे छापून आलं तर?"

हे भय उगाच नव्हतं. सकाळी आमच्याकडं वार्ताहर ठाण्यात चक्कर मारतात, कुणाकुणाला आणलं ते विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी चार ओळी येतात, नावानिशी, गावानिशी. मी स्वतः चहाबरोबर त्या चार ओळी वाचत असे आणि म्हणत असे, अगं बाई, हा तर अमक्याचा!

बाकावरून भाऊ म्हणाला, "ताई, लिहू दे की. लिहिलं म्हंजी उद्या उभं करत्यान, जामीन हुईल, दुपारपर्यंत मी घरी."

"तू गप बस. तुझ्याच अकलेनं इथवर आलोय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

हवालदारानं जरा डोकं खाजवलं. मग त्यानं पेनाला टोपण लावलं. "तुमच्यासाठी करतो, मॅडम. साहेब नगरला गेलेत. सकाळी येतील, समज देतील, सोडतील. त्या दोघांना पण संध्याकाळी सोडतो." भावाचा मोबाईल त्यानं बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. मी हात जोडले. खोटं कशाला सांगू, बाहेर पडताना मला बरं वाटलं. निवृत्त झाल्यावरही आपल्या शब्दाला वजन आहे, असं वाटलं. संध्याकाळी मी डबा नेऊन दिला. त्यात पिठलं-भाकरी होती आणि त्यानं ती मुकाट खाल्ली.

बुधवारी सकाळी मी त्याला आणायला गेले तर ठाण्याचा रंगच वेगळा. रात्रीतून हायवेच्या बाजूला एक खत-बियाण्यांचं गोदाम फोडलं होतं. राखणदाराच्या डोक्यात लोखंडी काहीतरी घातलेलं, तो बेशुद्ध होता. कुणीतरी पांढरी पिकअप पाहिली होती. या जिल्ह्यात पांढऱ्या पिकअप म्हणजे बांधावरचं गवत. पण माझ्या भावाची पांढरी होती, मंगळवारी दुपारपासून त्याचा फोन बंद होता, आणि त्याच दुपारी त्यानं टामी उचललेली चारचौघांनी बघितली होती. हवालदार मला म्हणाला, "साहेब गडबडीत आहेत. संध्याकाळी बघू." संध्याकाळी म्हणाला, "उद्या." त्याची नजर मला भिडत नव्हती, तरी आत काय शिजतंय ते मी ओळखलं नाही.

गुरुवारी साखरपुडा. घरात वीस बायका, दारात मांडव. मी ठाण्यात जाऊ शकले नाही. मुलीकडून मामानं पुढं होऊन नवऱ्या मुलाला टिळा लावायचा, तर मामाच नाही. मुलाच्या वडिलांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय ताई, मामा कुठं दिसनात?"

मी म्हणाले, "सोमवारपासून गाडी घेऊन नाशिककडं गेलाय, दादा. मोठं भाडं मिळालं. नाही म्हणता येईना."

सोमवारपासून! कुणी विचारलं होतं मला, कधीपासून म्हणून? नुसतं बाहेरगावी गेलाय म्हटलं असतं तरी भागत होतं. पण एकोणतीस वर्षं तारखेशिवाय वाक्य बोलले नव्हते मी. खोटंसुद्धा तारीख घालून बोलले.

त्या दिवशी संध्याकाळी राखणदार दवाखान्यात वारला. त्यालाही बायको होती, दोन लेकरं होती. त्या बाईला मी पुढं कोर्टात लांबून पाहिलं. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी खांबाआड झाले. तिच्या नवऱ्याला माझ्या भावानं मारलं नाही, हे तिला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

शुक्रवारी भावाची अटक दाखवली. शनिवारी पेपरात आलं, सापळा रचून बसस्टँडच्या मागं पकडला. चार ओळींना घाबरले होते, चार कॉलम आले. मुलगी दिवसभर उशीत तोंड घालून पडली होती. संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "ताई, असं व्हतं कधी कधी. लग्न ठरल्या तारखेला करायचं." मी फोन ठेवला आणि देवापुढं बसले. मनात म्हटलं, साखरपुडा होऊन गेला म्हणून ही माणसं शब्दाला जागली. दोन दिवस आधी कळलं असतं तर पाहुणे मांडवात आलेच नसते. भाऊ आत गेला, पण पोरीचं घर तरी बसलं. पुढचे कितीतरी महिने मी या एका वाक्यावर काढले.

नगरच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "ताई, बाकी काही नको. मंगळवारी तो ठाण्यात होता याचा कागद आणा. कुठलाही. कागद असेल तर जामीन माझ्या हातात. नसेल तर देव जाणे."

कागद शोधणं म्हणजे माझ्या हातचा मळ. निदान मी तसं समजत होते. वकिलांनी सांगितलं की कायद्यानंच जिल्ह्याच्या पोलीस कंट्रोल रूमबाहेर फलक लावायचा असतो. कुणाला अटक केली, नाव-पत्ता, कुणी केली, सगळं. म्हणून मी एसटीनं नगरला गेले. फलक होता. काचेचा, कुलूप लावलेला. आत हेल्मेट वापरा म्हणून एक चित्र उन्हानं पिवळं पडलेलं. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "किल्ली कुणाकडं आहे ते मला माहीत नाही, मावशी. आता ऑनलाइन टाकतो आम्ही." घरी येऊन मोबाईलवर ती साइट उघडली. जिल्हा निवडा, ठाणे निवडा, तारीख टाका, वाकडीतिकडी अक्षरं ओळखा. पाच वेळा अक्षरं चुकली, सहाव्यांदा यादी आली. शुक्रवारच्या यादीत माझ्या भावाचं नाव, वय, वेळेसकट. मंगळवारची यादीही उघडली. त्यात दोन दारूवाले आणि एक जुगारी. बुधवार, गुरुवार, दोन्ही बघितले. त्यांत तो नव्हता.

यादी हे वरवरचं. खरं पोटात असतं. म्हणून मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. असा अर्ज त्या ठाण्याला कधी आला नसेल. अमुक तारखेच्या ठाणे दैनंदिनीची पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत साक्षांकित प्रत. अटक रजिस्टरची त्या आठवड्याची पानं. कोठडी रजिस्टर. कच्ची वही, हे नाव घालून. मंगळवार दुपार ते बुधवार सकाळचं कॅमेऱ्याचं चित्रण. 'का' एकदाही नाही. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असला तर माहिती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते, तेही कलम घालून लिहिलं. वर दहाचा कोर्ट फी स्टॅम्प. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडलं नाही. आवकचा कारकून हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर आमच्यातल्याच."

अठ्ठेचाळीस तास गेले, आठवडा गेला, तीन आठवडे गेले. एकोणतिसाव्या दिवशी पाकीट आलं. तीस दिवसांची मुदत असली की एकोणतिसाव्या दिवशी पाठवायचं, ही रीत मला कुणी सांगायला नको. मी स्वतः तशी पाकिटं ठेवून दिलेली आहेत, हाताखालच्यांना शिकवलेलं आहे की घाई कशाला, मुदत आहे. आत लिहिलं होतं, सदर इसमाबाबत नमूद दिनांकास कोणतीही नोंद आढळून येत नाही. कच्ची वही हा अभिलेख नाही, सबब देता येत नाही. कॅमेऱ्याचं चित्रण साठवण कालावधी संपल्यानं उपलब्ध नाही. आणि शेवटी, सदर बाब जीवित व स्वातंत्र्याशी निगडित असल्याचे दिसून येत नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून मी हसले. खरंच हसले, एकटीच, स्वयंपाकघरात. माणूस तुरुंगात बसलाय आणि म्हणे स्वातंत्र्याशी संबंध नाही! मग तीच मी चिडले आणि पाकीट कपाटात आपटलं.

यार्डातल्या लोकांनी त्याला नेताना पाहिलं होतं, पण पुढं रात्री तो कुठं होता ते नाही. मग त्या संध्याकाळी ठाण्यात आणखी कोण होतं? त्या भांडणातले ते दोघं. त्यांना संध्याकाळी सोडलं तेव्हा भाऊ बाकावर होता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मी त्यांच्यातल्या एकाच्या वस्तीवर गेले. माणूस वाईट नव्हता. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, आमची तरी कुठं नोंद हाय? तुमीच न्हाई म्हनलात ना करायला. मंग आमी तिथं हुतोच कवा? कोर्टात मला तेच इचारत्यान." मी निघाले तेव्हा तो फाट्यापर्यंत पोचवायला आला. वाटेत पुन्हा एकदा म्हणाला, "लई वाईट झालं बगा."

दरम्यान लग्न झालं. छोटं केलं, सकाळचा मुहूर्त धरून. मुलीच्या मागं मामा म्हणून माझा चुलत भाऊ उभा राहिला. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मी तिला एवढंच सांगितलं होतं की पोलिसांनी मंगळवारची नोंद केली नाही. का केली नाही, ते सांगितलं नव्हतं. माझ्या अर्जात जसा तो शब्द नव्हता, तसा तिनंही विचारला नाही.

मग दोषारोपपत्र दाखल झालं. आरोपीला त्याची प्रत मिळते, तिची झेरॉक्स वकिलांनी मला दिली. जाड गठ्ठा होता. माझी सवय अशी की कुठलंही रेकॉर्ड पहिल्या पानापासून पान न पान उलटत जायचं. पंचनामे झाले, नकाशा झाला, डॉक्टरचा कागद झाला. त्यात भावाच्या पाठीवरचे वळ तीन-चार दिवसांचे जुने लिहिले होते, त्यावर वकील म्हणाले होते, "बाजारातल्या भांडणाचे म्हणतील." मग साक्षीदारांचे जबाब. त्यात एक जबाब माझ्या व्याह्यांचा निघाला.

पोलीस त्यांच्या घरी जाऊन आले होते आणि मला ठाऊकच नव्हतं. सरळ माणूस. त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं. गुरुवारी साखरपुड्याला मुलीचा मामा हजर नव्हता. मुलीच्या आईनं सर्वांसमक्ष सांगितलं की तो सोमवारपासून गाडी घेऊन बाहेरगावी गेलेला आहे. पुढं आणखी दोन पाहुण्यांचे जबाब, हेच वाक्य, शब्दाला शब्द. आम्ही म्हणत होतो मंगळवारी तो ठाण्यात होता. कागद म्हणत होता, सख्खी बहीणच सांगते की तो सोमवारपासून गाडीसकट बाहेर होता. मी तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरात कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं रडले.

माहिती नाकारल्यावर मी पहिलं अपील केलं होतं, त्याची सुनावणी लागली. वरचे अधिकारी, शांत माणूस, चष्मा पुसत ऐकणारा. समोर तो हवालदारही होता. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कच्ची वही, टोपण, माझी विनंती, साखरपुडा.

साहेबांनी हवालदाराकडं पाहिलं. तो भिंतीकडं बघत म्हणाला, "मॅडम आल्या होत्या, सर. शेताच्या कागदाचं काहीतरी विचारायचं होतं मला, म्हणून मीच बोलावलं होतं. चहा घेतला, गेल्या."

"अहो, माझ्या डोळ्यांत बघून बोला!" मी ओरडले. त्यानं पाहिलं नाही. आणि त्याला तरी कुठवर दोष देऊ? खरं बोलला तर त्याची नोकरी जाते, वर गुन्हा दाखल होतो. माझ्या शब्दाखातर त्यानं टोपण लावलं होतं. त्या उपकाराची ही परतफेड तो मागत होता, की मी गप्प बसावं.

साहेब म्हणाले, "बाई, तुमचं खरं धरलं तर नोंद दाबण्यात तुम्ही सामील आहात. खोटं धरलं तर अर्जच खोटा. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

"खरं धरा. मला सामील करा. घाला मला आत. पण लिहा."

त्यांनी जरा वेळ पेन हातात धरलं. मग लिहिलं, जो अभिलेख अस्तित्वात नाही तो देता येत नाही, अपील निकाली काढण्यात येते. चुकीचं काही नव्हतं त्यात. अशा शेकडो ओळी मी स्वतः लिहून दिलेल्या. वाईट इतकंच वाटलं की वाचतानाच मला पुढचा शब्द ठाऊक होता.

माझं प्रतिज्ञापत्र जोडून जामिनाचा अर्ज झाला. सरकारी वकिलांनी दोन मिनिटं घेतली. बहीण तेव्हा एक म्हणाली, आता दुसरं म्हणते, आणि कागदावर काही नाही. जामीन नामंजूर झाला. मी जेलात भेटायला गेले तेव्हा भाऊ काचेपलीकडं बसला, हातात फोनचा रिसीव्हर. निम्मा झालाय तो. दाढीत पांढरं आलंय. त्यानं पहिल्यांदा भाचीचं विचारलं, सासरी रुळली का, जावई कसा वागवतो. मग म्हणाला, "ताई, घावली का गं नोंद?"

मी म्हणाले, "शोधतेय."

"शोधशील तू. तू रेकॉर्डवाली हायेस." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

वकील म्हणाले, एक वाट उरलीय. व्याह्यांनी कोर्टात येऊन सांगावं की मला स्वतःला काही माहीत नाही, बाईंनी सांगितलं ते ऐकलं, आणि बाईंनी ते लपवण्यासाठी खोटं सांगितलं हे मला नंतर कळलं. म्हणून मागच्या महिन्यात मी नेवाशाच्या गाडीत बसले. लेकीच्या घरी पहिल्यांदाच रिकाम्या हातानं गेले. व्याही ओट्यावर होते. मी पाणीसुद्धा न घेता सगळं सांगितलं, मंगळवारपासून. ते मान खाली घालून ऐकत होते.

"येतो की कोर्टात," ते म्हणाले. "त्यात काय. पन ताई, तितं मी काय सांगनार? मला तर तुमी सांगितलं तेवडंच ठावं. वकील इचारील, तवा खोटं बोलल्या कशावरून, आता खरं बोलत्यात कशावरून? मी काय बोलू?"

मी म्हणाले, "दादा, तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही सोयरीक मोडली असती. म्हणून केलं मी. पोरीसाठी."

त्यांनी वर पाहिलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मोडायची कशापायी? माझा धाकला भाऊ दोनदा आत जाऊन आलाय, ताई. एकदा बांधावरनं, एकदा इलेक्शनला. साऱ्या गावाला ठावं हाय. बाजारातली भांडनं कुनाच्या घरात न्हाईत? तुमी एक फोन करायचा हुता. मीच आलो असतो ठान्यात, जामीनदार म्हनून."

इतके दिवस माझ्याकडं निदान एक गोष्ट शिल्लक होती की त्या टोपणानं पोरीचं लग्न तरी वाचलं. आता तीही राहिली नाही.

मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नव्हतं. तिनं ट्रे खाली ठेवला. कप भरलेले होते, एकही हिंदकळला नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली नाही, रडलीही नाही.

"आई," ती म्हणाली, "मामाला काय सांगायचं ते सांग. पण हे माझ्यासाठी केलंस, असं सांगू नकोस."

मी "बरं" म्हणाले.